पाप फेडायचं की माफ व्हायचं?

आपल्या मराठीत ‘पाप’ या शब्दाला एक क्रियापद कायमचं चिकटलेलं आहे. फेडणे. ‘कुठे फेडशील हे पाप?’ हे वाक्य आयुष्यात एकदाही ऐकलं नाही असा माणूस आमच्या आर्वीत तरी सापडायचा नाही. आता जरा विचार करा, आपण काय काय फेडतो? कर्ज फेडतो. नवस फेडतो. उपकार फेडतो. आईबापाचे पांग फेडतो. सगळी देण्याघेण्याची खाती. पापही त्याच वहीत. या जन्मी खातं मिटलं नाही तर बाकी पुढच्या पानावर ओढायची, आणि कुणाच्या घरी अवेळी दुःख आलं की ‘मागच्या जन्मीचं काहीतरी’ म्हणून मान हलवायची. कापसाच्या गावात राहणाऱ्या माणसाला ही हिशेबाची भाषा समजावून सांगावी लागत नाही.

ख्रिस्ती धर्म मराठीत आला तेव्हा त्यानेही हाच ‘पाप’ शब्द उचलला. दुसरा होताच कुठे? पण शब्द तोच राहिला तरी आतला ऐवज वेगळा होता. त्या फरकावरून मराठी माणसं गेली चारशे वर्षं वाद घालताहेत, घरंदारं सोडताहेत, आणि कधी कधी एकमेकांना सावरताहेतही. या गोष्टीचा काही भाग तर आमच्या अंगणात, म्हणजे नागपूर-वर्ध्याच्या पट्ट्यात घडला. विषय धर्माचा आहे खरा, पण मी काही प्रवचनकार नाही. कुणाला कुठल्या धर्मात न्यायचा किंवा कुठल्या धर्मातून काढायचा माझा विचार नाही. मला त्या एका शब्दाचं कुतूहल आहे, एवढंच.

आधी फरक काय तो बघू. बायबलच्या नव्या करारात पापासाठी जो मुख्य ग्रीक शब्द आहे तो ‘हामार्तिया’. त्याचा मुळातला अर्थ नेम चुकणं. बाण सोडला, पण लागायला हवा तिथे लागला नाही. ख्रिस्ती समजुतीत पाप ही आधी एक अवस्था आहे, कृत्य नंतर. देव आणि माणूस यांच्यातलं नातं तुटलेलं आहे, हे पाप, एकवचनी. तुटलेल्या नात्यात माणूस जे जे करून बसतो, चोरी, खोटेपणा, गर्व, द्वेष, ती पापं, अनेकवचनी. एक मूळ, बाकीची फळं.

हे मूळ कुठून आलं? आदाम आणि हव्वेने देवाची आज्ञा मोडली, त्या गोष्टीतून. उत्तर आफ्रिकेतल्या हिप्पो गावचे बिशप ऑगस्टीन (३५४ ते ४३०) यांनी त्या गोष्टीतून पुढे सिद्धांत बांधला की तो दोष जन्मासोबतच प्रत्येकाकडे येतो. यालाच मूळ पाप किंवा आदिपाप म्हणतात. पण सगळे ख्रिस्ती हे एकाच पद्धतीने मानतात असं नाही. पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्स परंपरेत आदामाकडून मरण आणि दुबळेपणा वारशाने येतो, त्याचा गुन्हा मात्र येत नाही. आणि ज्यू लोक तर तीच आदामाची गोष्ट वाचतात, पण त्यांच्याकडे हा सिद्धांतच नाही.

आता नातं तुटलं असेल तर ते फेडून जुळतं का? दोन भाऊ भांडले, दहा वर्षं बोलणं बंद, आणि मग धाकट्याने थकलेल्या पैशाची मनीऑर्डर पाठवली. हिशेब मिटला. पण भाऊबंदकी मिटली का? त्यासाठी कुणीतरी दार उघडावं लागतं. लूकच्या शुभवर्तमानात येशूची उधळ्या पुत्राची गोष्ट आहे, ती नेमकी हेच सांगते. धाकटा मुलगा वाटणी घेऊन जातो, सगळं उडवतो, डुकरं राखायची पाळी येते. मग तो घरी परत निघतो आणि वाटेत भाषण पाठ करतो. मी तुमचा मुलगा म्हणवून घ्यायच्या लायकीचा नाही, मला मजूर म्हणून ठेवा. आपल्याकडच्या भाषेत, सालदार म्हणून ठेवा. म्हणजे त्याच्या डोक्यात फेडण्याचाच बेत आहे. पण बाप दुरूनच पाहतो, धावत येतो, आणि ते सालदारकीचं वाक्य बोलायची वेळच येऊ देत नाही. माफीला ख्रिस्ती लोक ‘कृपा’ म्हणतात ते यासाठी. ती कमावता येत नाही.

हे सगळं मराठीत पहिल्यांदा विस्ताराने कुणी सांगितलं? थॉमस स्टीफन्स नावाच्या एका इंग्रज जेझुइट पाद्रीने. तो १५७९ साली गोव्यात आला आणि साष्टीत राहून मराठी-कोकणी शिकला. त्याचं ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली राचोलला छापलं गेलं. सुमारे अकरा हजार ओव्या, आणि छपाई रोमन लिपीत. त्याची पंचाईत लक्षात घ्या. ऐकणाऱ्यांच्या कानात पुराणांची लय, मनात प्रत्येकाचं कर्म प्रत्येकापाशी हा हिशेब. आणि याला सांगायचंय की एका जोडप्याने एक आज्ञा मोडली आणि सगळ्या मानवजातीचं घर तुटलं. त्याने ते ओवीत सांगितलं. स्वर्गाला ‘वैकुंठ’ म्हटलं. मराठी भाषेचं कौतुकही पोटभर केलं.

पण त्याच गोव्यात १५६० पासून इन्क्विझिशन होतं. मधली काही वर्षं सोडली तर ते १८१२ पर्यंत चाललं. १७३६ च्या एका फर्मानात तर बाटलेल्या कुटुंबांनी घरी तुळस लावण्यावरही बंदी आली. एकीकडे धावत येणारा बाप, आणि दुसरीकडे कुणाच्या अंगणात तुळस आहे ते बघत फिरणारे अधिकारी. पाप म्हणजे काय हे ठरवायचा अधिकार सत्तेच्या हातात गेला की काय होतं, ते आपल्याच किनाऱ्यावर होऊन गेलेलं आहे.

एकोणिसाव्या शतकात मिशनरी इंग्रजी राज्यात मोकळेपणाने फिरू लागले तेव्हा आपल्या लोकांनीही त्यांना प्रश्न विचारायला कमी केलं नाही. १८५७ साली मुंबईच्या समुद्रकिनाऱ्यावर विष्णुबावा ब्रह्मचारी मिशनऱ्यांशी जाहीर वाद घालत आणि लोक गर्दी करून ऐकत. पण मला सगळ्यात विलक्षण वाटतो तो काशीतला एक मराठी तरुण, नीलकंठशास्त्री गोरे.

गोऱ्यांचा जन्म १८२५ सालचा, झाशीजवळचा. वाढले काशीत, चित्पावन घराण्यात. जॉन म्यूर या स्कॉटिश अधिकाऱ्याने संस्कृतात ख्रिस्ती धर्माची बाजू मांडणारा ‘मतपरीक्षा’ नावाचा ग्रंथ लिहिला होता. त्याला उत्तर म्हणून गोऱ्यांनी ऐन विशीत ‘शास्त्रतत्त्वविनिर्णय’ लिहिला. त्या काळातल्या पंडितांचे आक्षेप असे होते. माणसाचं आयुष्य ते केवढं, त्यात केलेल्या पापाला अनंतकाळचा नरक हा कुठला न्याय? ज्यांच्या कानावर ख्रिस्ताचं नावही पडलं नाही त्यांचं काय? तान्ही मुलं आणि मुकी जनावरं दुःख भोगतात ती कुठल्या पापापायी? पूर्वजन्म मानला तर याला निदान काही उत्तर आहे, तुमच्याकडे काय आहे?

प्रश्न बिनतोड आहेत. आजही आहेत. गंमत म्हणजे हेच गोरे शास्त्री वाद घालता घालता १८४८ साली जौनपूरला बाप्तिस्मा घेऊन मोकळे झाले. नाव झालं नेहेम्या. घर तुटलं ते तुटलंच. आणि त्यांच्या शंका काही संपल्या नाहीत. १८९५ साली वारले तोपर्यंत ते स्वतःच्या श्रद्धेशी झुंजत राहिले. मला त्यांच्याबद्दल आदर वाटतो तो या झुंजीमुळे. वाद जिंकण्यासाठी धर्म धरला नाही आणि वाद हरल्यासारखा सोडलाही नाही.

गोरे पुढे पुण्यातही राहिले. पुण्याच्या पंचहौद मिशनमध्येच १८९० च्या ऑक्टोबरात ते प्रसिद्ध चहाचं प्रकरण घडलं. गावातले मोठमोठे लोक व्याख्यानाला गेले, मिशनने चहा-बिस्किटं पुढे केली, आणि नंतर यादी वर्तमानपत्रात छापून आली. न्यायमूर्ती रानडे आणि लोकमान्य टिळक दोघेही त्या यादीत. मग ग्रामण्य, शंकराचार्यांपर्यंत तक्रार, चौकशी, प्रायश्चित्त. टिळकांनी आपण काशीत प्रायश्चित्त घेतल्याचं सांगितलं, रानड्यांनी १८९२ साली घेतलं आणि सुधारकांचे बोल ऐकले. आज हसू येतं. पण यात पापाचा तिसरा अर्थ दिसतो. पाप म्हणजे विटाळ. बाहेरून आत गेलेली वस्तू माणसाला अशुद्ध करते, आणि ठरलेला विधी केला की तो पुन्हा शुद्ध होतो. योगायोग असा की येशूचा त्याच्या काळच्या ज्यू शास्त्र्यांशी झालेला एक वाद याच मुद्द्यावर होता. त्याचं म्हणणं, तोंडातून आत जातं त्याने माणूस विटाळत नाही, अंतःकरणातून बाहेर येतं त्याने विटाळतो.

तर पाप म्हणजे कर्ज, पाप म्हणजे विटाळ, पाप म्हणजे तुटलेलं नातं. आता तुम्ही म्हणाल, हा सगळा शब्दांचा खेळ झाला, पंडितांनी खेळावा. तसं नाहीये. हा खेळ ज्यांच्या जिवावर बेतला त्यांच्याकडे आता येऊ.

पंडिता रमाबाईंचं ‘द हाय कास्ट हिंदू वुमन’ हे इंग्रजी पुस्तक १८८७ सालचं. त्यात त्यांनी स्वच्छ लिहिलंय की विधवापण हे त्या बाईने मागच्या जन्मी केलेल्या घोर पापाचं फळ समजलं जातं. विचार करा. नऊ-दहा वर्षांची पोर, नवरा कोण हेही धड माहीत नाही, आणि तो मेला म्हणून पापी ही. केस काढा, एक वेळ जेवा, शुभकार्यात तोंड दाखवू नका. हे ‘फेडणं’ चालू. खात्यातली बाकी कधीची, कुणी लिहिलेली, कुणालाच ठाऊक नाही. वसुली मात्र रोज.

रमाबाई १८५८ सालच्या. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी समाजाचा रोष पत्करून बायकोला आणि मुलीला संस्कृत शिकवलं. १८७४ च्या सुमारास दुष्काळात आईवडील गेले. कलकत्त्याच्या पंडितांनी रमाबाईंना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ म्हटलं, बंगाली नवरा लग्नानंतर दोन वर्षांतच वारला, तान्ही मुलगी कडेवर. १८८३ साली त्या इंग्लंडला गेल्या आणि त्याच वर्षी २९ सप्टेंबरला वाँटेज इथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. नेहेम्या गोऱ्यांच्या पत्रांचा त्यात मोठा वाटा होता. म्हणजे काशीचा तो शंकेखोर शास्त्री इथेही आहेच.

पण पत्रांपेक्षा मोठी गोष्ट वेगळीच होती. रमाबाईंनी १९०७ साली आपली साक्ष लिहिली, त्यात ती सांगितली आहे. वाँटेजच्या ख्रिस्ती भगिनींनी त्यांना लंडनजवळ फुलहॅमला पाठवलं. तिथे ‘पतित’ म्हणून टाकलेल्या बायकांना सांभाळण्याचं काम चाले. आपल्या धर्मशास्त्रांत अशा बाईसाठी शिक्षाच वाचलेल्या रमाबाईंना तिथे तिला प्रेमाने वागवणाऱ्या बायका भेटल्या. हे कशापायी करता, असं विचारल्यावर एका भगिनीने त्यांना येशूला विहिरीवर भेटलेल्या शोमरोनी बाईची गोष्ट वाचून दाखवली. पाच नवरे झालेली, परक्या जमातीची बाई, आणि तिच्याकडे पाणी मागणारा येशू. रमाबाईंना जे धरून बसलं ते हे. पाप म्हणून ज्याला जग बाहेर काढतं त्याच्याकडे हा देव पाणी मागायला येतो.

पुढे आठेक वर्षांनी, १८९१ च्या सुमारास, त्यांना जाणवलं की आपण धर्म स्वीकारला, पण अजून खुद्द ख्रिस्त गवसला नाही. आपणही पापी आहोत आणि आपल्यालाही ती कृपा फुकटच मिळायची आहे, हे त्यांना तेव्हा खोलवर पटलं. एवढी मोठी विदुषी, आणि फुलहॅमच्या बायकांच्या रांगेत स्वतः जाऊन उभी राहिली. मला वाटतं ख्रिस्ती पापकल्पनेतला सगळ्यात चांगला भाग हाच आहे. सगळेच पापी म्हटल्यावर ‘ती’ पापी आणि ‘आम्ही’ शुद्ध ही भिंत उभीच राहत नाही. निदान राहू नये.

१८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाई आमच्या मध्यप्रांतात आल्या. त्या वेळी वर्धा जिल्हा याच मध्यप्रांतात होता. उपासमारीतून वाचवलेल्या शेकडो मुली आणि बायका त्यांनी पुण्याकडे नेल्या. त्यांच्यासाठी केडगावला मुक्तिसदन उभं राहिलं, आणि तिथेच ‘पतित’ ठरवलेल्या बायकांसाठी एक वेगळं घर. नाव ठेवलं कृपासदन. ना प्रायश्चित्तसदन, ना सुधारगृह. त्या एका नावात त्यांचा सगळा धर्मविचार आला.

याच मुक्तिसदनात १९०५ च्या जूनमध्ये मोठं धार्मिक जागरण झालं. मुली रात्र-रात्र रडून आपली पापं बोलून दाखवत. मला हे वाचताना नेहमी थोडं अस्वस्थ व्हायला होतं. दुष्काळातून आलेल्या, उपाशी, टाकलेल्या पोरी. त्यांनी केलं तरी काय होतं? पण दुसरी बाजूही आहे. ज्यांना लहानपणापासून न केलेल्या पापांसाठी दूषणं मिळाली, त्यांना पहिल्यांदाच आपलं बरंवाईट आपल्या तोंडाने सांगायला आणि ‘माफ आहे’ असं ऐकायला मिळालं. दोन्ही खरं असू शकतं.

आणि ख्रिस्ती जग तरी सगळं फुलहॅमसारखं होतं का? नव्हतं. आयर्लंडमध्ये ‘पतित’ ठरवलेल्या मुलींना मठांच्या धोबीखान्यात कोंडून फुकट राबवून घेत. त्यातला शेवटचा धोबीखाना १९९६ साली बंद झाला आणि २०१३ साली तिथल्या पंतप्रधानांनी संसदेत माफी मागितली. येशू एकच, बायबल तेच. एका ठिकाणी कृपासदन, दुसऱ्या ठिकाणी धोबीखाना. म्हणजे फरक नुसत्या धर्माने पडत नाही. पाप या शब्दाचा उपयोग स्वतःकडे बघायला करायचा की दुसऱ्याकडे बोट दाखवायला, यावर पडतो.

आता आमच्या बाजूला येतो. १८९३ साली नागपूरहून राजनांदगावला जाणाऱ्या गाडीत एका गोऱ्या सहप्रवाशाने एका मराठी कवीला नवा करार वाचायला दिला. कवी म्हणजे नारायण वामन टिळक. त्यांना आधी पकडलं ते येशूच्या डोंगरावरच्या प्रवचनाने. १० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि संसार दोन तुकडे झाला. लक्ष्मीबाईंची ‘स्मृतिचित्रे’ ज्यांनी वाचली त्यांना पुढचं सांगायला नको. टिळक म्हणत की ते ख्रिस्तापर्यंत तुकारामाच्या पुलावरून आले. हे मला फार महत्त्वाचं वाटतं. कारण पाप हे फक्त फेडण्याचं खातं आहे असं आपले संत कुठे म्हणतात? वारकऱ्यांचा विठोबा पतितपावन आहे. तुकोबा स्वतःला पतित म्हणवून घेतात आणि देवाकडे हक्काने भांडतात. ज्ञानेश्वर पसायदानात दुष्टांचा नाश मागत नाहीत, त्यांचा वाकडेपणा जाऊ दे म्हणतात. कृपेचा झरा आपल्या अंगणातही होताच. टिळकांनी तो ओळखला म्हणून त्यांना परकं पाणी परकं वाटलं नाही.

टिळकांच्या त्याच १८९३ सालात दूर दक्षिण आफ्रिकेत आणखी एक माणूस पापावर वाद घालत होता. पुढे तो आमच्याच वर्ध्याला राहायला आला. गांधीजी! आत्मकथेत तो प्रसंग आहे. प्लिमथ ब्रदरन पंथाचा एक ख्रिस्ती त्यांना म्हणाला, पापं तर होणारच, ती ख्रिस्तावर टाकून मोकळं व्हावं. गांधीजींचं उत्तर असं की मला पापाच्या शिक्षेतून सुटका नको, पापातूनच सुटका हवी आहे. म्हणजे फेडायचं नाही, माफही व्हायचं नाही, सुटायचं! न्याय्य बोलायचं तर जाणते ख्रिस्तीही हेच म्हणतात. कृपा वाढावी म्हणून पाप करत राहावं का, हा प्रश्न पौलाने रोमकरांच्या पत्रातच विचारून धुडकावलाय. हिटलरच्या राजवटीने १९४५ मध्ये फाशी दिलेल्या बोनहोफर या जर्मन पाद्रीने अशा फुकट्या माफीला ‘स्वस्त कृपा’ म्हणून झोडपलं होतं.

७ नोव्हेंबर १९३३ ला गांधीजींनी हरिजन यात्रा सुरू केली ती वर्ध्याहूनच. यात्रा चालू असताना १५ जानेवारी १९३४ ला बिहारमध्ये भीषण भूकंप झाला. गांधीजी म्हणाले, ही अस्पृश्यतेच्या पापाची शिक्षा आहे. रवींद्रनाथ टागोर हादरले. त्यांचं म्हणणं, निसर्गाच्या घटनेला नैतिक कारण चिकटवणं चूक आहे, त्याने लोकांमधला अंधविश्वासच वाढेल. गांधीजींनी तो विरोध आपल्या ‘हरिजन’मध्ये छापला आणि आपलं म्हणणं काही सोडलं नाही. अस्पृश्यता हे साऱ्या समाजाचं पाप आहे ही गांधीजींची गोष्ट सोळा आणे खरी. पण भूकंपाबाबत मी टागोरांच्या बाजूचा. आणि गंमत म्हणजे येशूही त्यांच्याच बाजूचा निघतो. लूकमध्ये एक उल्लेख आहे. शिलोह इथला बुरूज कोसळून अठरा माणसं दगावली. येशू विचारतो, ती माणसं यरुशलेममधल्या इतरांपेक्षा जास्त पापी होती असं वाटतं का तुम्हाला? आणि स्वतःच ‘नाही’ म्हणतो. वर ऐकणाऱ्यांनाच सांगतो की तुम्ही आपापल्याकडे बघा आणि वळा.

पुढे १९३६ साली गांधीजी सेवाग्रामला राहायला गेले. तिथे परचुरे शास्त्री आले, संस्कृताचे पंडित, अंगावर महारोग. महारोग म्हणजे पूर्वजन्मीचं पाप, ही समजूत गावोगाव होती. खरं तर नॉर्वेच्या हान्सेनने रोगाचा जंतू १८७३ सालीच शोधला होता, पण जंतूपेक्षा पाप लवकर पसरतं. गांधीजींनी शास्त्रीबुवांना आपल्या झोपडीजवळ ठेवलं आणि स्वतःच्या हातांनी त्यांचं अंग चोळलं. परचुरे कुटी आजही आश्रमात बघायला मिळते. त्याआधी १९३६ साली विनोबांचे सहकारी मनोहरजी दिवाण यांनी वर्ध्याजवळ दत्तपूरला महारोग्यांसाठी काम उभं केलं होतं. आणि आनंदवन उभारणारे बाबा आमटे हेही जन्माने आपल्या हिंगणघाटचेच.

योहानाच्या शुभवर्तमानात एक जन्मांध माणूस आहे. शिष्य येशूला विचारतात, पाप कुणी केलं, याने की याच्या आईबापाने? बघा, अगदी आपल्याच ओसरीवरचा प्रश्न! येशू म्हणतो, दोघांनीही नाही. आणि त्याच्या डोळ्यांकडे वळतो. गोरे शास्त्र्यांच्या प्रश्नांना हे तर्काचं उत्तर नव्हे. दुःख का, हे कोडं यातून सुटत नाही. पण दुःखी माणसासमोर उभं राहून त्याचं खातं उघडायचं नाही, हे मात्र ठरून जातं. परचुरे शास्त्र्यांच्या पाठीवरून हात फिरवणाऱ्या गांधीजींनीही भूकंपाच्या वेळचं आपलं गणित तिथे वापरलं नाही, हे मला फार मोलाचं वाटतं.

राहता राहिला न्यायाचा प्रश्न. कृपा म्हणजे फुकट माफी, मग प्रामाणिकपणे फेडणाऱ्याने काय करायचं? हा प्रश्न आम्हा वऱ्हाड-वर्ध्याकडच्यांना पोथीतून शिकावा लागत नाही. मत्तयाच्या प्रार्थनेत पापासाठी ‘ऋण’ हाच शब्द आहे. आणि ऋणमाफी आम्ही बघितली आहे. २००८ साली केंद्राची कर्जमाफी आली. दोन हेक्टरांच्या आतल्यांना पूर्ण, वरच्यांना थोडी सूट. इकडे कोरडवाहू जमीन असलेले किती तरी त्या रेषेच्या पलीकडे राहिले. आणि पोटाला चिमटा घेऊन वेळेवर हप्ते भरणारे म्हणत होते, आम्ही काय मूर्ख होतो? २०१७ च्या राज्याच्या योजनेत म्हणून नियमित भरणाऱ्यांसाठीही काही रक्कम ठेवावी लागली.

उधळ्या पुत्राच्या गोष्टीतला थोरला भाऊ हेच म्हणतो. मी इतकी वर्षं राबलो, मला कधी एक करडूही मिळालं नाही, आणि याच्यासाठी पोसलेलं वासरू? त्याचं म्हणणं खोटं नाही. बाप त्याला रागावतही नाही. बाहेर येऊन त्याची समजूत घालतो, माझं आहे ते सगळं तुझंच आहे, पण तुझा भाऊ परत आलाय. गोष्ट तिथेच संपते. थोरला आत गेला की नाही, ते लूक सांगत नाही.

माफीची किंमत कुणीतरी देतंच, हेही खरं. बँकेचं कर्ज माफ होतं तेव्हा तिजोरी भरते. ख्रिस्ती श्रद्धेत ती किंमत वधस्तंभावर देवाने स्वतः दिली. ही श्रद्धा ज्याची त्याने ठेवावी. पण ज्यांनी ती मराठीत जगून दाखवली त्यांच्याकडून एक गोष्ट श्रद्धेशिवायही घेता येते. आपलं पाप आपण जरूर मोजावं, फेडावं, सोडावं. दुसऱ्याचं मात्र मोजायला बसू नये. विधवेचं नाही, महारोग्याचं नाही, आणि कर्जापायी घरातला माणूस गमावलेल्या शेतकऱ्याच्या बायकोचं तर मुळीच नाही. तिच्या दाराशी अजूनही कुणीतरी ‘मागच्या जन्मीचं काहीतरी’ असं पुटपुटतं. त्या वेळी केडगावच्या त्या घराचं नाव आठवावं, एवढंच माझं म्हणणं.